खेमराज काकाले लिफ्ट देऊ नका

बालाघाटात सकाळच्या पारी तुम्ही गाडीवर चालले असाल, अन् पुढे पांढऱ्या भुवयांचा एक माणूस हाफपँट घालून धावताना दिसला, तर हात जोडतो, गाडी थांबवू नका. "चाचा, बैठो, छोड़ देता हूँ," हे तर अजिबात म्हणू नका. तुमचं मन साफ आहे, मले माहीत आहे. पण ते आमच्या गल्लीतले खेमराज काका होत, अन् लिफ्टचं नाव काढलं का त्यायचं डोस्कं फिरते.

"जायाचं असतं तं माह्या घरी स्कूटर नाही का?" काका रस्त्याच्या मधात उभे राहून ओरडते. "मी जाऊन राह्यलो का कुठं? मी धावून राह्यलो! एवढा मोठा माणूस धावते ते दिसत नाही तुले?"

समोरचा बिचारा दुधाचे डबे वाजवत पळते.

आता चूक कोणाची? आमच्या इकडं धावणारा माणूस दोनच परकारचा. एक पोलीस भरतीवाला पोट्टा, दुसरा बस सुटलेला. काका भरतीच्या वयाचे नाहीत, म्हणून लोकं त्यायले बस सुटलेल्यात धरते. एकानं तं स्कूटर थांबवून, टोपी काढून, हळूच विचारलं, "काका, कोण गेलं जी?"

"तू जाशील आता!" काका म्हणाले.

काकाची आटाचक्की आहे. भुवया पिकल्या नाहीत, त्यावर पीठ आहे. आंघोळ केली तरी जात नाही. काकी जाऊन बरेच वर्ष झाले. एकच पोरगी, ममता, ते कटंगीले दिली. आता घरात काका अन् खाली चक्की. दोघंही दिवसभर घरघर करते.

मी गल्लीतला नकल्या. मोबाईलच्या दुकानात बसतो, अन् गिऱ्हाईक नसलं का नकला करतो. काकाची नक्कल सगळ्यात हिट. एक दिवस मी पानठेल्यासमोर काकाचं धावणं करून राह्यलो होतो, हात हवेत, नाक वर, "हद झाली! हद झाली!", लोकं पोट धरून हसत होते. एकदम सगळे खाली पाहून पान चावू लागले. मागं काका.

मले वाटलं आता कानाखाली पडते. काकानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं.

"हात एवढा वर नाही जात माहा," काका म्हणाले. "नीट पाह्यलं नाही तू. उद्या सकाळी संगं ये, पाह्य, मंग कर."

झालं. तेव्हापासून माही झोप गेली. सांगा, हा न्याय होय का? नक्कल केली म्हणून कोणी माणसाले पहाटे उठवते?

काका धावाले लागले शुगरपायी. डॉक्टरनं सांगतलं होतं, पायी फिरा. काका म्हणे, "फिराले मी का गाय होय?" अन् धावाले लागले. हे बरं चाललं होतं. मंग मधात आले इवाई.

इवाई म्हणजे व्याही, ममताचे सासरे, कटंगीचे. तेही धावते. आमच्या गावात थंडीत एक दौड निघते, वैनगंगेच्या पुलापर्यंत जायाचं अन् वापस. मागच्या साली इवाई त्या दौडीसाठी कटंगीहून आले. पुलाजवळ त्यायनं काकाले मागं टाकलं. टाकलं तं टाकलं. पण जाता जाता काकाच्या पाठीवर थाप मारली अन् म्हणाले, "या हळूहळू, इवाई."

तोंडातून शब्द नाही निघाला काकाच्या. आमच्या काकाच्या! ज्या माणसानं लिफ्टच्या बदल्यात अर्ध्या गावाले शिव्या दिल्या, तो चूप. कारण काका पोरीकडचे. पोरीच्या बापानं इवाईले उलटं बोलाचं नाही, त्याच्यापुढे ताठ उभं राहाचं नाही. जुनी माणसं तं पोरीच्या घरचं पाणीही पेत नाहीत, अन् काका जुने. कटंगीले गेले का अंगणातल्या खाटेवर घडीभर बसते, "बरी आहे ना बेटा?" विचारते, "बरी आहे बाबा" ऐकते, अन् बस पकडते. फोनवरही तेच. बरी आहे बाबा. संपला फोन.

"मांडवात मी वाकलो," काका मले म्हणाले. "तिथं वाकाच लागते. पण रस्त्यावर कोण इवाई अन् कोण इहीण? यंदा त्याच्या पुढं निघतो का नाही, तू पाह्य."

अन् मंग काकानं जे केलं ते कोणी शाहाणा माणूस करत नाही. रोज धावले. रोज पूर्ण जोरात. पाणी नाही, आराम नाही, दात-ओठ खाऊन. मी म्हणलं, "काका, एखादा दिवस तं सोडा." तं म्हणे, "चक्की बंद ठेवली का उंदीर होते." याचा गुडघ्याशी काय संबंध, सांगा तुम्ही?

गुडघा गेलाच. सुजून पपईएवढा झाला. काकाले राग आला तो गुडघ्याचा. डाव्या गुडघ्याशी ते असे बोलत, जसा तो इवाईच्या पार्टीले मिळाला. "आतापर्यंत खाल्लं कोणाचं रे तू?" मंग एरंडाचं पान गरम करून बांधलं. मंग हळद-चुना. मंग रामपायलीजवळच्या एका मालिशवाल्याकडे गेलो. त्यानं पाय असा ओढला का काकानं पहिल्यांदा सोताहून विचारलं, "कोणाची गाडी भेटन का रे घरी जायाले?"

शेवटी मी त्यायले फिजिओवाल्या मॅडमकडे नेलं. मॅडम माह्यापेक्षा दोन-तीन वर्षांनं मोठी असन. तिनं पाय हलवून पाह्यला अन् म्हणाली, "मांडीत ताकद नाही काका, सगळं वजन गुडघ्यावर येते. पायरीवरून एका पायानं हळू उतराचं, रोज. अन् सूज गेली का धावा, पण धीरे. एवढं धीरे का धावता धावता गप्पा मारता आल्या पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं, म्हणजे तुम्ही जोरात धावून राह्यले."

काका बाहेर आले ते लालभडक. "धीरे धावा म्हणते! धीरे धावाले डॉक्टर लागते का? हद झाली!"

तसेच उलटे फिरले, अन् जाऊन मॅडमले हेच ऐकवलं. मॅडम मोठी पक्की. "काका, चक्कीले नवा पट्टा टाकला, तं पहिल्याच दिवशी पोतंभर गहू ओतता का?"

काका दवाखान्याची पायरी एका पायानं हळू उतरले. मंग मले म्हणाले, "चाल."

आता खरा तरास सुरू झाला, माहा. गप्पा मारत धावाचं म्हणलं का गप्पा माराले माणूस लागते. काकाच्या घरी कोण? चक्की. म्हणून मी. रोज सकाळी काका कासवावाणी धावते, अन् बोलते. नगरपालिकेवर, कुत्र्यायवर, आजकालच्या गव्हावर. अन् धीरे धावू लागल्यापासून लिफ्टवाले दुप्पट झाले! आता तं त्यायले खात्रीच वाटे का काका लंगडून राह्यले. एक ऑटोवाला तं पैसे नाही घेणार म्हणून आमच्यासंगं गल्लीभर चालला. काका भडकले, पण भडकताना दम नाही तुटला. "पाह्यलं? पूर्ण शिवी दिली, मधात श्वास नाही घेतला," काका खूश होऊन म्हणाले. "सुधारून राह्यलो मी."

अन् खरंच सुधारले. सूज गेली. पायरीवरून उतरताना पाय थरथरत नव्हता. मॅडम सांगे तसं हप्त्याहप्त्यानं थोडं थोडं वाढवत गेले. तेवढ्याच दमात आता आम्ही पुलापर्यंत जाऊ लागलो, अन् मले समजलं का मी मागं राहून राह्यलो. जवान पोट्टा मी! हे कोणाले सांगू नका.

दौडीच्या दिवशी इवाई आले. पिवळी टीशर्ट, नवे बूट. काकानं वाकून राम राम केला. शिटी वाजली तसे इवाई गोळीसारखे सुटले. मी काकाचा हात ओढला. "काका, चला ना!"

"बोल काही," काका म्हणाले. "बोलणं तुटू नको देऊ."

मी रागारागानं इवाईच्या नव्या बुटायले नावं ठेवत राह्यलो. पुलावरून वळलो तं पुढं पिवळी टीशर्ट दिसली. एक हात कमरेवर, पाय घासत. काका एका लयीत गेले अन् बराबर बाजूले लागले.

"राम राम जी, इवाई."

"राम... हा... राम..." इवाईचा दम पार तुटला होता.

काकानं माह्याकडे पाह्यलं. मी डोळ्यानंच म्हणलं, निघा! सालभराची माही झोप, एरंडाची पानं, ते गुडघ्याले दिलेल्या शिव्या, सगळं याच घडीसाठी होतं. दोन पावलं टाकली का काका पुढं. मी तं थाप माराची नक्कलही तयार ठेवली होती.

काका पुढं गेलेच नाहीत.

"दम नका तोडू जी," काका म्हणाले. "बोलता येईन एवढंच धावा. ममता सकाळी चहासंगं काही खाते का?"

"अं? ...मले का माहीत जी... ते बायाईचं काम..."

"रिकाम्या पोटी चहा नाही चालत तिले. लहानपणापासून. पोट दुखते, पण सांगत नाही कोणाले. हळू घ्या. हळू घ्या, अन् आठवून सांगा."

"काका!" मी ओरडलो. "लोकं पुढं जाऊन राह्यले!"

"जाऊ दे."

इवाई हळू झाले. काका त्यायच्याहून हळू झाले. मागचे दोन म्हातारे, एक शाळेची पोट्टी, सगळे आम्हाले मागं टाकून गेले. मी दात खात बाजूनं चाललो. इवाईचा श्वास जागेवर आला. ते खरंच आठवत होते, कपाळावर आठ्या घालून.

"खाते जी," इवाई शेवटी म्हणाले. "फुटाने खाते. फुटाने अन् गूळ. चुलीजवळ, उभ्या उभ्या."

काका थांबले. फीत दिसत होती समोर, लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते, अन् काका थांबले.

"उभ्या उभ्या?" काकाचा आवाज चढला. मांडवातला नाही, रस्त्यावरचा आवाज. "बसून काहून नाही?"

इवाईनं घाम पुसला. काकाकडे पाह्यलं, मंग खाली.

"पाहतो जी," ते म्हणाले. "उद्या सकाळीच पाहतो."