साडूची वाइन आणि हेडक्लार्कची बरणी

साडूच्या वाइनरीला रौप्यपदक मिळाल्याची बातमी बायकोने पेपरातून मोठ्याने वाचून दाखवली, तीही दोनदा. दुसऱ्यांदा तर तिचा आवाज चक्क भरून आला. हेडक्लार्कना चहाचा ठसका लागला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्यासाठी तो आवाज कधी भरून आला नव्हता. (चढला मात्र पुष्कळदा होता.)

"धाकटीनं नशीब काढलं हो!"

"त्यात काय मोठंसं? फळं कुस्करायची आणि स्वस्थ बसायचं. वाइन आपोआप होते."

"मग करा की तुम्ही. स्वस्थ बसणं तर तुम्हाला छान जमतं."

झालं! संध्याकाळी हेडक्लार्क सफरचंदं, यीस्टची पुडी आणि झाकणाला नळी असलेली काचेची बरणी घेऊन घरी हजर. दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, नळीतून आतला वायू बाहेर जाईल. पण झाकण उघडायचं नाही. हवा लागली की माल आंबट. बरणी आहे हेच विसरून जा."

हेडक्लार्क विसरायला तयार होते, पण साडू विसरू देईल तर ना! त्याने वाइन चाखायला येणाऱ्यांसाठी खास दालन उघडलं. बातमी ऐकताच हेडक्लार्कनी झाकण काढून चमचाभर चाखून पाहिलं. आपली त्याच्या पुढे गेली का, एवढंच बघायचं होतं. मग साडूच्या मालाला परदेशातून मागणी आली. पुन्हा झाकण, पुन्हा चमचा. तो वाइनवाल्यांच्या संघाचा अध्यक्ष झाला, त्या दिवशी तर त्यांनी वाटीच बुडवली.

शेवटी त्यांनी साडू आणि मेहुणीला मुद्दाम जेवायला बोलावलं. साडूने पेला उजेडात धरला, हुंगला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"साडूभाऊ, झाकण उघडत होतात का?"

"अधूनमधून. तुमची काही बातमी आली की."

"अरेरे, म्हणजे रोजच!"

मेहुणीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "भाऊजी, हे तर व्हिनेगर!"

हेडक्लार्कना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. बायको पेला घेऊन आत गेली आणि तिने तो बेसिनमध्ये ओतला. दोन मिनिटांनी आतून किंचाळी आली. "अहो, इकडे या! सगळेच या!"

थोडं व्हिनेगर नळावर सांडलं होतं. खाऱ्या पाण्याने त्यावर धरलेला पांढरा थर बोट फिरवताच निघाला होता आणि नळ आरशासारखा चमकत होता.

"घासून घासून हात मोडले माझे," बायको नवऱ्याकडे कौतुकाने बघत म्हणाली. "आणि यांनी बघा काय बनवलंय!"

हेडक्लार्कची छाती फुगली. त्यांनी साडूला विचारलं, "तुमच्या वाइननं निघतं का हो हे?"

"छे हो," साडू प्रांजळपणे म्हणाला. "आमच्या वाइनचे उलट डाग पडतात."

जिंकले! हेडक्लार्क अगदी मोकळेपणी हसले. तेवढ्यात बायकोने बरणी त्यांच्या हातात दिली आणि खांद्यावर फडकं टाकलं.

"आता बाथरूमचे नळ घ्या बघू. तोवर आम्ही पाहुण्यांनी आणलेली बाटली उघडतो."