सत्तारमामूंची मुलाखत

माझ्या राखाडी पँटच्या उजव्या खिशाचं अस्तर बाहेर ओढलं, तर त्यावर निळ्या बॉलपेनानं 'अडॅप्टेबिलिटी' असं लिहिलेलं दिसेल. काळ्या पँटीत 'रीस्किलिंग' आहे. आमच्या माजी सरपंचांच्या पायजम्यात 'ट्रान्झिशन' आहे, आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. शिवायच्या कापडावर गिऱ्हाइकाचा नंबर टाकायची टेलर लोकांची पद्धत असते. आमचे टेलर सत्तारमामू नंबराऐवजी त्या दिवशी शिकलेला इंग्रजी शब्द टाकत. पावतीवरही तोच. त्यामुळे आमच्या जवळा बाजार गावच्या भल्याभल्या माणसांना दुकानात जाऊन 'मामू, माझी करिअर ग्रोथ झाली का?' असं विचारावं लागे. मामू शांतपणे म्हणत, "ग्रोथ परवा. आज बटनं बाकी हायेत."

मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. घसा बसला, छड्या मोडल्या, पण त्या भाषेवर जीव लावणारा विद्यार्थी काही भेटला नाही. भेटला तो पेन्शन सुरू झाल्यावर, आणि तोही दाढी पिकलेला, एकसष्ट वर्षांचा. मोबाइलवर कुणी एक बाई रोज सकाळी नोकरी बदलताना लागणारं इंग्रजी शिकवायच्या. मामू मशीनवर मोबाइल टेकवून ते ऐकत आणि दुपारी उच्चार तपासायला माझ्याकडे येत.

शिकलेला शब्द ते लगेच कुणाला तरी चिकटवत. कापूस सोडून हळद लावणारा शेतकरी म्हणजे 'करिअर चेंज'. मोबाइलचं रिचार्जही मारणारा किराणावाला 'मल्टी-स्किल्ड'. मी पेपर वाचत पडलेला दिसलो की मान हलवून म्हणत, "सर, तुमी शिकनं थांबवलं. लाईफलाँग लर्निंग पायजे. बराबर हाय का न्हाई?" मला राग यायचा. बराबर होतं म्हणून जास्त यायचा.

दुकानाची मात्र रया गेली होती. बाजारात रेडिमेडची चार दुकानं झाली. मामूंकडे लोक येत ते तिकडून घेतलेली पँट आखूड करायला. चाळीस वर्षं नवं शिवलेला माणूस दिवसभर दुसऱ्याच्या शिलाया उसवत बसायचा. मामी दोन वर्षांपूर्वी गेल्या, मुलगे पुण्याला. कधीकधी दुपारी मी त्या बाजूनं गेलो तर मशीन बंद असायचं आणि मामू रस्त्याकडे तोंड करून नुसते बसलेले असायचे. अशा वेळी मी हाक न मारता पुढे जायचो. माझी चूकच म्हणायची.

मग हिंगोलीत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना निघाल्याची बातमी आली. बायकांना शिलाई शिकवायला मास्तर हवा होता. जाहिरातीत खाली 'इंग्रजी येणाऱ्यास प्राधान्य' असं होतं. ते कात्रण मामूंनी चारदा घडी घालून छातीच्या खिशात ठेवलं, आणि महिनाभर माझ्या ओट्यावर मुलाखतीची तालीम चालली.

"व्हॉट इज युवर स्ट्रेंथ?"

"काज, सर. हातानं बटनाचं काज करनारा तालुक्यात दुसरा न्हाई."

"वीकनेस?"

मामूंनी बराच वेळ चष्मा पुसला. "सुई ओवता येत न्हाई आता. शेजारच्या पोरीकडून ओवून घेतो."

"मामू, वीकनेस कधी खरा सांगायचा नसतो."

"मंग इचारतेत काहून?"

मी विषय बदलला. "पोरं पैसे पाठवतात ना? मग या वयात ही दगदग कशाला?" मामू म्हणाले, "पाठवतेत की. तकलीफ न्हाई काही." आणि पुढचा प्रश्न विचारायची खूण केली.

मुलाखतीला ते सकाळच्या पहिल्या एसटीनं गेले. स्वतः शिवलेला कोट, पायात धुतलेले बूट, हातात फाइल. संध्याकाळी पेढे घेऊन येतील म्हणून मी चहाला थांबणार होतो. ते दुपारी एक वाजताच आले. कोट हातावर होता.

"झाली?"

"न्हाई झाली. टेबलामागं एक पोरगं होतं. आधारकार्डावरची जन्मतारीख पाहिली अन् फाइल बंद केली. म्हनलं, चाचा, घर जाके आराम करो." ते ओट्याच्या कडेला टेकले. "एक बी सवाल इचारला न्हाई, सर. महिनाभर पाठ केलं. एक तरी इचारायचा."

मी त्या पोराला शिव्या घातल्या. सरकारला घातल्या, रेडिमेडवाल्यांना घातल्या. मामूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमी इचारता का?"

मी आत जाऊन टेबलाशी बसलो. मामूंनी कोट चढवला, सगळी बटणं लावली, दारावर टकटक केली. "मे आय कम इन, सर?"

मी जवळजवळ अर्धा तास विचारलं. नाव, काम, अनुभव, धंदा का बदलायचा. मामू ताठ बसून सगळं इंग्रजीत सांगत होते, कुठे क्रियापद गाळत, कुठे दोन लावत. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. वीकनेस विचारला तेव्हा म्हणाले, "माय आइज, सर," आणि माझ्याकडे बघत राहिले.

माझे प्रश्न संपले. मुलाखत घेणारे शेवटी विचारतात ते आठवलं, म्हणून मी म्हणालो, "एनी क्वेश्चन्स फॉर मी?"

याची तालीम आम्ही कधीच केली नव्हती. मामू मराठीत, अगदी हळू म्हणाले,

"सर, उद्या किती वाजता येऊ?"

मला द्यायला नोकरी नव्हती. टेबल होतं आणि दोन खुर्च्या होत्या. मी वर्गात काढायचो तसा कडक आवाज काढला.

"दहाला या. आणि उशीर चालणार नाही."