भोईर सरांच्या टिकल्या

भोईर सरांच्या खिशात खडू कधी सापडला नाही, टिकल्यांची पाकिटं मात्र हमखास सापडायची. उल्हासनगर कॅम्प एकच्या बाजारातून ते ती डझनावारी आणायचे. सिंधी दुकानदार विचारायचा, "साईं, भाभी के लिए?" सर म्हणायचे, "नाही हो, दहावी 'ब'साठी."

आमची अंबरनाथची शाळा एकच; ते गणिताचे, मी मराठीचा. बुवापाड्यात घरंही शेजारी. संभाव्यता शिकवताना सर प्रत्येक पोराला नाणं दहादा उडवायला लावायचे आणि जितके छापे पडतील, फळ्यावरच्या शून्य ते दहातल्या त्या आकड्यावर एक टिकली लावायचे. हळूहळू मधोमध टिकल्यांचा डोंगर उभा राहायचा. मग सर त्यांच्या आगरी बोलीत ओरडायचे, "आधी डोल्यांना दिसू दे, मग डोक्याला सांगू!"

हे वेड वर्गापुरतं असतं तर ठीक होतं. मला शाळेत यायला किती मिनिटं उशीर होतो, याचाही डोंगर त्यांनी स्टाफरूमच्या कपाटावर उभा केला. मुख्याध्यापकांनी तो फार कौतुकाने पाहिला. मी सरांशी आठवडाभर बोललो नाही.

मग सरांच्या बायकोचं, सुलभावहिनींचं ऑपरेशन ठरलं. "दहातल्या सात बऱ्या होतात," डॉक्टर म्हणाले. वहिनींना नीट समजावं म्हणून सरांनी घरच्या कपाटावर ओळीने सात लाल आणि तीन काळ्या टिकल्या लावल्या. मी तिथेच चहा पीत बसलो होतो. वहिनींनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अवो, यातली मी कंची?"

चित्र दहाजणींचं सांगतं, एकीचं सांगत नाही, हे सर पोरांना घसा फोडून शिकवत आले होते. बायकोला कसं सांगणार? शेवटी वहिनींनीच एक लाल टिकली काढून कपाळाला लावली. "ही मी. संपला तुमचा हिशोब."

ऑपरेशनला नेताना सिस्टरने बांगड्या आणि टिकली काढायला सांगितली. वहिनींनी टिकली सरांच्या घड्याळाच्या काचेवर चिकटवली. "सांभाला. आल्यावर लावते."

त्या आल्या नाहीत.

परवा गेलो तर सर त्या कपाटासमोर उभे होते. ओळीतली एक जागा रिकामीच होती आणि ती टिकली त्यांच्या बोटावर. "अरे, ही आता कुठं लावू? लालांत की काल्यांत?"

मला रडू आवरेना. सर आरशापाशी गेले, थोडे वाकले, आणि वहिनींचं कपाळ जिथे यायचं तिथे त्यांनी ती लावली.