कुलपाविषयी उर्वशीचे मनोगत

मुलांना हक्क असतात, ही बाब मुलांच्या आधी मोठ्यांच्या समितीच्या लक्षात यावी लागते. एरवी गोंधळ होतो. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात तो होऊ नये म्हणून शाळेत बालहक्क संनियंत्रण समिती नेमण्यात आली. अकरा मोठी माणसे आणि एक मूल. मूल म्हणजे आठवीतली उर्वशी. (बालसहभाग शंभर टक्के. जेवढी मुले नेमली तेवढी हजर होती.)

उर्वशी भोळी पोर. तिला वाटले, लक्ष ठेवायचे म्हणजे खरेच ठेवायचे. पहिल्याच बैठकीत उभी राहून तिने सांगून टाकले, "पोरींच्या संडासाले कुलूप हाये. आमाले मधल्या सुट्टीत घरी जा लागते. घर दूर, मंग दुपारचा गणिताचा तास बुडते."

तास बुडून बुडून तिला चाचणीत वीसपैकी चार गुण पडले होते आणि त्याचे तिला फार रडू येई. कुलूप मुख्याध्यापक नीळकंठ सरांनी लावलेले. वापरले की घाण होते, हा त्यांचा अनुभव. तीन वर्षांत कोणी आत न गेल्याने तो संडास आरशासारखा लख्ख राहिला होता आणि शाळेला स्वच्छतेचे प्रमाणपत्रही मिळाले होते.

पण सर मोठ्या मनाचे. पहिली टाळी त्यांनीच वाजवली. तालुक्याच्या समन्वयक कुंदाताईंचे तर डोळे भरून आले. काय ही निर्भीड पोर, म्हणाल्या. लगेच ठराव झाला, की उर्वशीने हेच तालुक्याला येऊन सांगावे.

तिने दारव्ह्याला सांगितले. तिथे तिला गुलाबाचे फूल, फाईल आणि दोन केळी मिळाली. मग यवतमाळला सांगितले; तिथे केळ्यांऐवजी समोसा होता. या काळात गणिताचे आणखी सतरा तास बुडाले, पण त्यांची नोंद गैरहजेरीत नव्हे, 'सहभाग' या रकान्यात झाली. (त्याच रकान्यात स्वागतगीत, रांगोळी आणि पाहुण्यांच्या खुर्च्या उचलणेही होते. तालुक्याचा सहभाग त्या वर्षी एकशे चौदा टक्क्यांवर गेला.)

घरी आली की तिची माय इंदूबाई विचारायची, उघडलं काय व? उर्वशी सांगायची, टाळ्या वाजवल्या. माय कपाळाला हात लावायची आणि भाकरी थापायला बसायची.

शेवटी सरांनाच पाझर फुटला. उघडून टाकू म्हणाले आणि चावी घेऊन निघालेसुद्धा. कुंदाताईंनी त्यांना दारातच अडवले. "सर, पुढच्या महिन्यात तिचं अमरावतीला भाषण आहे. कुलूप काढलं तर ती बोलेल कशावर? लेकराचा आवाज आपणच हिरावून घ्यायचा का?"

सर वरमले. बालहक्काची एवढी मोठी पायमल्ली आपल्या हातून होता होता राहिली, या विचाराने त्यांना घाम फुटला. जुने कुलूप गंजून कधी निखळेल याचा नेम नव्हता, म्हणून त्यांनी स्वखर्चाने नवे, दणकट आणले. उर्वशीच्या भवितव्यासाठी कोणीतरी झीज सोसायलाच हवी होती.

अमरावतीचे सभागृह गच्च भरले होते. उर्वशीने तेच सांगितले आणि टाळ्यांचा असा पाऊस पडला की माइक शिट्ट्या मारू लागला. ती खाली बसली नाही.

"टाळ्या नका वाजवू," ती म्हणाली. "कोणी तरी उठा आन माह्यासंगं शाळेत चाला. मले गणित शिकायचं हाये."

सभागृह गहिवरले. नऊशे माणसांनी बसल्या जागेवरून मोबाइल उंच धरून तो क्षण टिपला. उठले कोणी नाही, कारण मागच्याला दिसले नसते. अहवालात लिहिले गेले: उपस्थित नऊशे, सहमत नऊशे.

आपणही हे बसूनच वाचत आहात आणि पोरीसाठी आपला जीव थोडा हळहळला असेल. बसा, उठायची तसदी घेऊ नका. आकडा दुरुस्त करून नऊशे एक केला आहे.