ऐंशी बाइटची चाळणी

तुम्हाला म्हणून सांगतो, मला कोणी फसवू शकत नाही! वजनमापांचा निरीक्षक म्हणून हयात गेली माझी. दुकानदाराचा तराजू सोडाच, घरातलं दूधसुद्धा मी दोनदा मोजतो. मग बिटकॉइनच्या बाबतीत दुसऱ्याच्या शब्दावर कसा विसंबेन? टीव्हीखाली मी स्वतःचा नोड बसवला. नोड म्हणजे एक डबी. जगभरातला प्रत्येक व्यवहार ती स्वतः तपासते, बरोबर असला तर जपून ठेवते आणि इतरांच्या नोडना कळवते.

"याचे पैसे किती मिळतात?" बायकोने विचारलं.

"छदाम नाही!"

"मग?"

"तत्त्व!"

"बरं," म्हणून तिने पुन्हा शिवणयंत्र चालू केलं.

पुढे माझ्या लक्षात आलं, लोक व्यवहारांना चिठ्ठ्या चिकटवतात. विनोद, चित्रं, वाट्टेल ते! मी चाळणी लावली. चिठ्ठी ऐंशी बाइटच्या, म्हणजे माझ्या हिशेबाने ऐंशी अक्षरांच्या, वर गेली की तो कचरा. माझा नोड ती पुढे पाठवणार नाही! जग स्वच्छ झाल्याचं समाधान काही औरच असतं.

"त्या चिठ्ठीत लिहिलेलं खरंच कधी पुसलं जात नाही?" बायकोने एकदा विचारलं.

"जगबुडी आली तरी नाही!"

तिनेही माझ्याच कॉम्प्युटरवर चिमूटभर बिटकॉइन घेतलं. पंचवीस वर्षांत प्रथमच तिला माझ्या नादात रस! मी हवेत.

गेल्या रविवारी आमच्या नोडवाल्या मंडळाची बैठक माझ्याकडे होती. लग्नाचा पंचविसावा वाढदिवसही त्याच दिवशी. विसरलो नव्हतो हो! बैठक आटोपल्यावर साजरा करणार होतो.

सकाळी ती कॉम्प्युटरपाशी घुटमळत होती. "अहो, एखादी गोष्ट जातच नसेल तर काय करायचं?"

"दाबत राहायचं!" मी खुर्च्या मांडत होतो. मान वरही केली नाही.

मंडळी जमली. अडवलेल्या व्यवहारांची यादी मी टीव्हीवर लावली. "हे बघा! एकच महाभाग सकाळपासून नऊ वेळा तोच कचरा ढकलतोय! लोकांना लाजच नाही!"

"उघडा की," दातांचे डॉक्टर म्हणाले. "बघू तरी काय घाण आहे."

मी ऐटीत उघडलं आणि खड्या आवाजात वाचलंसुद्धा.

"अहो, पंचवीस वर्षं झाली. पुढचीही तुमच्याबरोबरच."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

माझं डोकं तेव्हा चाललं. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. आपल्या अक्षराला तीन लागतात, वर काना-मात्रेला आणखी तीन! जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली आणि स्वतःचं माप परक्या अक्षरावर बेतलं. बायकोचं एवढंसं वाक्य त्यात मावलं नाही. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

तिने ट्रे ठेवला. एक थेंब सांडला नाही. सांडला असता तर बरं झालं असतं.

"अगं, ते तुझं आहे हे मला..."

"नऊ वेळा पाठवलं. तुम्हीच म्हणालात, दाबत राहायचं."

डॉक्टर खाकरले. "वहिनी, माझ्या नोडला चाळणी नाही. माझ्या फोनवरून पाठवा."

"मजकूर बदलला तर चालेल?"

"चालेल की!"

तिने शांतपणे टाइप केलं. अर्ध्या तासाने ते टीव्हीवर उमटलं. चाळणी फक्त वाटेत अडवते. एकदा कायमच्या नोंदीत चढलं की प्रत्येक नोडला ते घ्यावंच लागतं. हा नियम मंडळाला मीच शिकवला होता.

"पंचवीस वर्षं झाली. नवऱ्याने कचरा म्हटलं."

चाळणी मी त्याच दिवशी काढली. सगळ्यांदेखत कान पकडले. जेवायला बाहेर नेलं, तिथे ती हसलीही. पण ते वाक्य जगभरातल्या हजारो डब्यांत बसलंय, आणि एक डबी माझ्याच टीव्हीखाली, माझ्याच विजेवर चालते. शिवाय तो व्यवहार त्या डबीने स्वतः तपासलाय. शेरा आहे: बरोबर.