सात अशोक आणि पाच किलो मिरच्या

आपल्या मसाल्याची चोरी झाली आहे, याबद्दल सुगंधाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. चोर कोण, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. मागच्या घरातली हंसाबाई. बोईसरच्या त्या रो-हाऊसच्या वसाहतीत सुगंधाचा सातारी कांदा-लसूण मसाला नऊ वर्षं गाजत होता. कुणाकडे मटण शिजायचं असलं की मसाल्यासाठी वाटी घेऊन आधी सुगंधाच्या दारात यायचं, हा तिथला रिवाजच होता. आणि गेल्या एप्रिलमध्ये, भिशीच्या जेवणात, शेजारच्या राजनंदिनीने हंसाबाईचा रस्सा वाटी कलंडून संपवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हंसाकाकू, तुमचा रस्सा सुगंधाताईंच्यापेक्षा भारी लागला बाई." बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीनेही हरकत घेतली नाही.

सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिंचणीच्या बाईने म्हावऱ्याचं कालवण करावं, मटणाच्या रश्श्यात कशाला नाक खुपसावं? घरी येऊन तिने नवऱ्याला सुनावलं, "अहो, वरून बघून केलाय तिनं. माझ्या मिरच्या वाळत असतात तेव्हा बरोबर गॅलरीत येऊन उभी राहते. लवंगी किती, ब्याडगी किती, सगळं मोजून घेतलं असणार."

शिवाजी कंपनीतून पाळी करून आला होता. "वरनं मिरच्या मोजता येतात व्हय?" एवढंच तो म्हणाला.

"तुम्हाला नाही येत. तिला येतात."

सुगंधाचं मागचं अंगण बारा फूट बाय पंधरा. त्याच्यावर हंसाबाईची पहिल्या मजल्याची गॅलरी अशी वाकलेली, की खाली शिंकलं तर वरून कुणी तरी काढा सुचवावा. आईकडून आलेला मसाला असा उघड्यावर लुटू द्यायचा नाही, असं सुगंधाने ठरवलं आणि जूनमध्ये केळवे रस्त्यावरची जितेशची नर्सरी गाठली.

"उंच पाहिजे, दाट पाहिजे, बाराही महिने हिरवं पाहिजे," तिने सांगितलं. "आणि पान गळता कामा नये. माझ्या मिरच्यांत कचरा पडलेला मला चालणार नाही."

जितेशने सुरू दाखवला. त्याच्या सुया गळतात म्हणून तो बाद. बांबूचा पाचोळा होतो, बकुळीची फुलं पडतात, म्हणून तेही बाद. शेवटी सरळसोट, झिपऱ्या सोडल्यासारख्या पानांचे सात अशोक पसंत पडले, आठ-आठ फुटांचे.

"ताई, कुठल्या दिशेला लावणार? पूर्वेला की पश्चिमेला?" जितेशने विचारलं.

"हंसाबाईच्या बाजूला."

जितेशने सात झाडांची पावती फाडली. खड्डे खणायला मासवणचा देवू आला. दोन खड्डे झाल्यावर त्याने कपाळाला हात लावून वर पाहिलं. "बाय, सूर्य हिकडूनच जातो. झाडं दाटली का अंगणात ऊन नाय यायचं."

"तुला खड्डे खणायला बोलावलंय ना?"

"खणतो ना. आमाला काय," म्हणत देवूने पुन्हा पहार उचलली.

झाडांनी मात्र सुगंधाची इज्जत राखली. मार्चपर्यंत सात अशोकांची अशी भिंत झाली, की हंसाबाईची गॅलरी कुठे आहे ते आठवावं लागे. सुगंधाने विजयी मुद्रेने पाच किलो मिरच्या आणल्या, देठं खुडली आणि अंगणात बाज टाकून पसरल्या.

चौथ्या दिवशीही मिरच्या वाकवल्या तर वाकत होत्या, मोडत नव्हत्या. सकाळी अंगणावर घराची सावली, दुपारनंतर अशोकांची, मध्ये जेमतेम तासभर ऊन. ते हक्काचं असल्यासारखं यायचं आणि बाजेचं दुसरं टोक गाठायच्या आत निघून जायचं. बाज त्याच्यामागे ओढून ओढून सुगंधाची कंबर धरली. मग तिने मिरच्या पुढच्या दारात नेल्या. तिथे ऊन होतं, पण कंपन्यांचे ट्रकही होते. संध्याकाळपर्यंत मिरच्यांचा रंग सिमेंटचा झाला. त्या पुसून काढण्यात अख्खा दिवस गेला आणि घरातली सगळी फडकी.

मग शिवाजीला आपल्या बैठ्या घराच्या पत्र्यावर चढवलं. रात्रपाळी करून आलेला माणूस तो. पत्र्याच्या उतारावर त्याने मिरच्या पसरल्या आणि त्याला शिंकांची उबळ आली. पाचव्या शिंकेला पत्रा हलला आणि किलोभर मिरच्या घसरून गटारात गेल्या.

"छाटून टाक ती झाडं," तो वरूनच नाक पुसत म्हणाला.

"छाटू? म्हणजे तिला पुन्हा दिसू दे?" सुगंधा खालून कडाडली.

उरलेल्या मिरच्यांना कुबट वास येऊ लागला तेव्हा मात्र तिला पुढचं दिसू लागलं. यंदा मसालाच झाला नाही, तर वाट्या घेऊन सगळ्या हंसाबाईच्या दारात जाणार. त्याच दुपारी अशोकांच्या पलीकडून आवाज आला, "सुगंधाताय, मिरच्या वाळत नाय वाटतं? वास येतोय. आमच्या गच्चीवर आणा ना. रग्गड ऊन हाय."

दिसत नाही तरी हिला कळतंच, याचा सुगंधाला भयंकर संताप आला. त्या संतापातच तिने मिरच्यांची पाटी डोक्यावर घेतली आणि हंसाबाईचा जिना चढली.

गच्चीवर तिने मिरच्या पसरल्या, त्यावर जुनी पातळ साडी टाकली, साडीच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आणि छत्री उघडून पहाऱ्याला बसली. हंसाबाईने तिला ताक आणून दिलं आणि समोर बसकण मारली.

"बरं झालं तुमी झाडं लावली," हंसाबाई म्हणाली. "तुमी दुपारभर मान वर करून बघत बसायच्या. मला गॅलरीत कपडे वाळत घालायची पण लाज वाटायची."

"मी? मी कशाला तुमच्याकडे बघू? तुम्ही माझ्याकडे बघता का, ते बघत होते मी."

"मला काय दिसतंय? डोळ्यात मोतीबिंदू हाय, माणूस तेवढं कळतं. खाली तांबडं तांबडं दिसायचं. मी समजायची, तुमी गोधडी वाळत घातली."

सुगंधाला ताकाचा ठसका लागला. वर्षभर पोसलेला राग असा गोधडीखाली झाकला जाणं तिला मुळीच मान्य नव्हतं. तिने मान वळवली, तर पलीकडे हंसाबाईचाच मसाला उघडा पसरलेला. मिरच्या, धणे, आणि सुपात गहू आणि हरभऱ्याची डाळ.

"हे काय? मसाल्यात गहू?"

"वाटीभर घालायचे, खरपूस भाजून. डाळ पण तशीच. रस्सा धरून राहतो," हंसाबाई म्हणाली. तिने मोहरी किती, मेथी किती, सगळं न विचारता सांगून टाकलं.

"आमच्याकडे नाही घालत असलं काही," सुगंधा ताठ मानेने म्हणाली. पुढचे तीन दिवस ती गच्चीवर छत्री घेऊन बसली आणि आपल्या साडीखालून एक मिरचीही तिने दिसू दिली नाही.

डंकावर मसाला कुटायला द्यायच्या आदल्या संध्याकाळी, शिवाजी घरी नसताना, तिने कढई चढवली आणि वाटीभर गहू खरपूस भाजले. मग वाटीभर डाळ भाजली. आईचा मसाला आईचाच आहे, त्याला जरा जोड दिली तर कुठे बिघडलं, असं ती कढईला सांगत होती.

रविवारी नव्या मसाल्याचं मटण झालं. शिवाजीने भाकरी रश्श्यात बुडवली, पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि मान हलवली.

"झकास," तो म्हणाला. "हंसावहिनींनी डबा पाठवला काय गं?"

"गप जेवा," सुगंधा म्हणाली आणि त्याने न मागता त्याच्या ताटात आणखी एक पळी रस्सा ओतला.