नारळ म्हणा!

लग्न होऊन मी वाकोल्याच्या चाळीत आले, त्या दिवशी माप ओलांडायच्या आधी मला एक परीक्षा द्यावी लागली. जिन्याच्या तोंडाशी एक किडकिडीत गृहस्थ आडवे उभे राहिले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा. ना "ये बाई", ना "बस बाई". म्हणाले, "नारळ म्हणा."

माझं माहेर जळगावकडचं. आमच्या खेड्यात ळ जिभेवर टिकत नाही, त्याचा य होतो. शाळेत छड्या खाऊन मी तो सुधारला होता, पण नव्या नवरीच्या तोंडाला आधीच कोरड. निघून गेलं, "नारय."

गृहस्थांचा चेहरा पडला. माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रकाश, ही आपली नव्हे."

"अहो काका, जळगावची आहे ती!"

"अस्सं? मग म्हणू दे जळगाव."

"जयगाव," मी म्हणाले. जीभ एकदा घसरली की घसरली, तिला काय ब्रेक असतो?

सासूबाई मधे पडल्या म्हणून मी घरात गेले, नाहीतर अजून जिन्यातच असते. हे परबकाका. आमच्या शेजारच्या खोलीत एकटेच राहायचे. गाव विचारलं की सावंतवाडी सांगायचे. लग्न केलेलं नाही. विमानतळावरच्या एका कँटीनमध्ये सामानाच्या खोलीवर नोकरी. अख्खं जग एअरपोर्ट म्हणायचं, हे मात्र "विमानतळ". शेवटचा ळ असा घोळवत की ऐकणाऱ्याला वाटावं, विमान तिथेच उतरलं.

तेव्हा आसामात आंदोलन पेटलेलं होतं आणि पेपरात रोज घुसखोर. देशात चर्चा चालली होती की परदेशातून चोरून आलेली माणसं ओळखायची कशी. काकांच्या मते त्यात चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. "ळ," ते म्हणायचे. "ज्याला ळ येतो तो आपला, नाही येत तो बाहेरचा. नापास झाला की द्यायचा हातात नारळ. सरकारला उगाच खर्च."

"पण काका, आसामात ळ बोलतो कोण?" प्रकाशने एकदा विचारलं.

"तोच तर प्रॉब्लेम आहे," काका म्हणाले आणि पेपरची घडी घातली.

चाळीत येणाऱ्या प्रत्येकाला ते नाक्यावर धरल्यासारखे धरायचे. "खंयचो रे तू? बोल, नारळ!" पोस्टमन, दूधवाला भैया, गॅसवाला, एकही सुटला नाही. भैया बिचारा "नारियल" म्हणायचा आणि रोज नव्याने नापास व्हायचा. आमच्याकडे जुहूच्या कोळीवाड्यातून एक मावशी मासळी घेऊन यायची. तिला विचारलं, तर ती टोपली खाली न ठेवताच कडाडली, "नारल!" काकांनी मान हलवली. झालं! मावशीने कमरेला हात लावला. "नारल नाय तं काय नारली पुनवेला दर्याला तुझा बाप वाहतो? आमी हितं हाव तवा तुझी मुंबई पान्यात होती, मेल्या!" काका दोन दिवस गॅलरीत फिरकले नाहीत. पण सिद्धांत सोडला नाही. म्हणाले, मावशीची केस स्पेशल आहे, सरकारने वेगळा विचार करावा. माझी केसही त्यांनी त्याच खात्यात टाकली असावी, कारण पुढे माझ्या हातची शेवभाजी त्यांना चालायला लागली.

मी अंधेरीला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला जायचे. घरी भांडी घासायला मोयना यायची. चाळीमागच्या झोपड्यांत राहायची, वीस-बावीसची, काळीसावळी, पदर खोचून कामाला लागली की पातेल्यात तोंड दिसावं. बोलायची बंगालीत घोळलेलं हिंदी. गाव कुठलं विचारलं की म्हणायची, "माल्दा." मालदा आपल्याकडच्या बंगालात आहे. पण सीमेपलीकडून चोरून आलेली माणसंही ज्याला त्याला तिथलाच पत्ता सांगतात, असं सगळे म्हणायचे. मला काय करायचंय? माझ्यासाठी ती देवासारखी होती.

मग आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी मोरे यांनी विषय काढला. मोरे बँकेत होते, माणूस वाईट नव्हता. म्हणाले, पाण्याचा नळ एक, त्यावर आपण आणि मागच्या झोपड्या. त्यात उद्या कुणी चोरून आलेलं निघालं, तर आपल्याला विचारतील. चौकीवर साहेब म्हणालेत, संशय असेल तर नाव कळवा, आम्ही गाडीत बसवून सीमेपलीकडे सोडतो. "आणि ओळखायला आपल्याकडे एक्स्पर्ट आहेतच," असं म्हणून त्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी कॉलर सरळ केली.

रविवारी सकाळी गॅलरीत खुर्च्या मांडल्या. मोयनाला बोलावलं. ती माझ्याकडची भांडी अर्धी टाकून आली, कोपरापर्यंत राखेचे हात तसेच. कशाला बोलावलंय ते तिला कुणीतरी सांगितलं असावं, कारण ती खुर्च्यांपासून लांब, जिन्याला चिकटून उभी राहिली. इतकी वर्षं आम्ही या परीक्षेला हसत होतो, आणि आता त्या एका अक्षरावर या पोरीला गाडीत बसवणार होते.

"बोल," मोरे म्हणाले. "नारळ."

"नारोल," मोयना म्हणाली. परत नीट म्हणायला गेली आणि आणखी बिघडलं.

सगळे काकांकडे बघायला लागले. काका तिच्या हातांकडे बघत होते. मग विचारलं, "घर में कौन है?"

"माँ," ती म्हणाली. "अकेली."

काका म्हणाले, "पास."

"अहो काय पास?" मोरे उडालेच. "नारोल म्हणाली ती!"

"आमच्या गावात असंच म्हणतात."

"सावंतवाडीला? काका, माझी बायको सावंतवाडीची आहे!"

"मी सावंतवाडीचा नाही, मोरे," काका म्हणाले. "मी पेडण्याचा."

पेडणं म्हणजे गोव्यात. मोरे म्हणाले, "मग त्यात काय? गोवा आपलाच."

"आता आपला. मी आलो तेव्हा तिथे पोर्तुगीज होते. परमिटशिवाय इकडे येऊ देत नव्हते, आणि माझ्याकडे नव्हतं. तेरेखोलची खाडी होडीतून भल्या पहाटे पार केली, आरोंद्याला उतरलो. वय एकोणीस. घशाला कोरड पडली होती. नाक्यावरून डोकं खाली घालून पुढे सटकलो असतो, पण तिथे बाकावर एक पोलीस तांब्याने पाणी पीत होता. मला राहवलं नाही. तोंडातून निघून गेलं, 'म्हाका इल्लें उदक जाय.'"

मोरे खुर्चीत पुढे सरकले.

"उदक!" काका म्हणाले. "मालवणी माणूस पाणी म्हणेल हो. उदक म्हणणारा खाडीपलीकडचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तिथेच मेलो. त्या पोलिसाने तांब्या माझ्या हातात दिला. मी पिऊन होईपर्यंत थांबला. मग म्हणाला, 'झिला, हय पाणी म्हणतत. पुढच्या नाक्यार उदक म्हणशीत तर धरतले.' आणि तोंड फिरवून बसला."

मोरे सावरून म्हणाले, "काका, ते वेगळं. ती आपलीच माणसं होती. असं ज्याने त्याने यायचं ठरवलं तर देश चालायचा कसा?"

"नाहीच चालणार," काका म्हणाले. "तुमचं खरं आहे. नाका हवा, परमिट हवं, सगळं हवं. मी काय सरकार आहे? पण चौकीवर कळवायचं असेल तर आम्हा दोघांना घेऊन चला. आधी मला. मी आधी आलोय." आणि खरंच आत जाऊन चपला घालून आले.

मोरे चपलांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बसा हो काका, काहीतरीच तुमचं," आणि आधी स्वतःची खुर्ची उचलून घरी गेले. तो विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही. पाण्यावरून भांडणं मात्र होती तशीच राहिली, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी मी काकांना चहा द्यायला गेले, तर ते दारात पाटावर बसलेले. मी म्हटलं, "काका, तुम्ही स्वतः असे आलेले, आणि आम्हाला छळत होता होय हो? मला नवरीला जिन्यात उभं केलंत!"

"भीती गो," ते म्हणाले. "कोणी मला विचारायच्या आत मी दुसऱ्याला विचारून मोकळा व्हायचो. गोवा पोर्तुगीजांच्या हातून सुटला तरी सवय नाही सुटली."

"आणि घरी कोण होतं तेव्हा?"

"आई. आठ दिवसांत येतो सांगून निघालो होतो. इथे आल्यावर परत जायचं तर परमिट हवं, आणि मागायला गेलो तर विचारणार, तू आलास कसा? त्यातच ती गेली. मला कळलं सहा महिन्यांनी."

मोयना भांडी घासून निघाली होती, ती दाराशी थबकली. काकांनी तिला जवळ बोलावलं. आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "माँ को मिलके आ. बाद में नहीं मिलती."

ती पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "गई तो वापस कौन आने देगा, काका?"

मालद्याला जाऊन यायला कुणाची परवानगी लागत नाही. हे मला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, आणि बोलून गेल्यावर तिच्याही लक्षात आलं. तिने घाबरून आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "तो मत जा," ते म्हणाले. "पण कोई उधर जाता होगा ना, उसके पास खबर भेज. बोल, जिंदा हूँ, खाना खाती हूँ." मग माझ्याकडे वळले, आणि त्यांचे ओठ लहान मुलासारखे वाकडे झाले. "भीतीने मी तेवढंसुद्धा कळवलं नाही गो तिला."